मंडाझीच्या कागदावरचं उत्तर

मलिता चिसूसेचं पत्र आलं तेव्हा आंबे मोहरले होते. मग आंबे पिकले, खाऊन झाले, मका पेरला, उगवला, काढूनही झाला, आणि जायलोसी काम्तुकुले यांनी त्या पत्राला अजून उत्तर धाडलं नव्हतं.

विसरले होते म्हणावं तर तेही नाही. रोज दुपारी मक्याच्या पिठाची न्सिमा खाऊन हात धुतला की ते पत्र उशीखालून काढायचे आणि मांडीवर पसरून बोटांनी वाचायचे. दोघंही लहानपणी गोवराने डोळे गमावून एकाच अंधशाळेत आलेली, त्यामुळे पत्र अर्थातच ब्रेलमध्ये होतं. मलिताने लिहिलं होतं:

"जायलोसी, माझा नवरा जाऊन बराच काळ झाला. घर माझं आहे, सरोवराच्या काठी, मंकी बे गावात. छप्पर पत्र्याचं आहे, तेव्हा घरजावई म्हणून रिवाजाप्रमाणे तुला गवत शाकारायला लागणार नाही. ओट्यावर दोन खुर्च्या आहेत आणि एकीवर कुणी बसत नाही. मला भांडायला माणूस हवं आहे. येतोस का राहायला? दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी बसून साखरपुड्याची कोंबडा-कोंबडीची देवाणघेवाण करायची, ते आपल्या वयात राहू दे. कोंबडीचं कालवण करू. एकच अट. उत्तर तुझ्या हातचं हवं. दहा जणांनी बोटं घातलेलं नको. हो तर हो, नाही तर नाही, पण तुझं."

आता कुणी म्हणेल, मग अडलं कुठे? अडलं जायलोसींच्या स्वभावात. झोंबाच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी नोकरीभर टेलिफोनच्या खोलीत बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. सगळं आयुष्य "जरा थांबा, जोडतो" म्हणण्यात गेलं. एकदा धीर करून त्यांनी मलिताला फोन लावला होता. तिने "हॅलो" म्हटलं, आणि यांच्या तोंडून सवयीने निघालं, "जरा थांबा, जोडतो." पुढे कुणाला जोडायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

वाचन मात्र दांडगं. घरात ब्रेलमधल्या एका जुन्या इंग्रजी ज्ञानकोशाचा 'जी' अक्षराचा खंड होता. बाकीचे खंड कुठे गेले देव जाणे. त्यामुळे जिराफ, गिटार, गुरुत्वाकर्षण, ग्रीस आणि गोंद या विषयांवर जायलोसींशी वाद घालायची झोंबात कुणाची टाप नव्हती. लग्नाचा खंड त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

घरी धाकटी बहीण एफेलेसी. ती अंगणात मंडाझी, म्हणजे मैद्याचे गोडसर वडे, तळायची आणि बाजारात नेऊन विकायची. छापील पत्रं, चर्चची पत्रकं, कचेरीचे कागद वर्षानुवर्षं तीच वाचून दाखवायची. मग जोहान्सबर्गला कामाला गेलेल्या भाच्याने एक बोलका फोन पाठवला. कागद त्याच्यापुढे धरला की आत बसलेली कुणी गोरी बाई तो घडाघडा वाचून दाखवायची. शर्ट कुठल्या रंगाचा, दिवा चालू आहे की बंद, समोर काय आहे, सगळं सांगायची. एफेलेसीने तिचं नाव ठेवलं मडम, आणि पहिल्या दिवसापासून दोघींचं जमलं नाही.

त्याला कारणंही होती. एकतर मडमने पहिल्यांदा एफेलेसीला पाहिलं आणि म्हणाली, "बहुधा तंबू." दुसरं म्हणजे, चर्चचं पत्रक मडमने वाचलं तेव्हा ते फारच आखूड निघालं.

"एफेलेसी," जायलोसी चकित होऊन म्हणाले, "यात चर्चमधल्या त्या बाईचं, मायी नासिबेकोचं, नाव कसं नाही?"

"असेल की. तिला दिसलं नसेल."

"आजवर प्रत्येक पत्रकात असायचं. सभासदांनी वेळेवर यावे, विशेषतः मायी नासिबेकोने. वर्गणी द्यावी, विशेषतः मायी नासिबेकोने. कचेरीच्या पेन्शनच्या पत्रातसुद्धा मायी नासिबेको होती."

"अचिम्वेने," एफेलेसी म्हणाली. भावाला ती असंच म्हणायची, पण एरवी त्यात आदर असायचा. "तुमची ती मडम वाचते ते अळणी. ना मीठ, ना मिरची."

"मीठ तू घालत होतीस तर!"

"मग? एवढी वर्षं चवीने ऐकलंत ना?"

तर मलिताच्या पत्राचं उत्तर एफेलेसीला सांगून लिहून घेणं शक्यच नव्हतं. त्यात मायी नासिबेको नक्की आली असती. मडमकडून लिहून घ्यावं, तर ती प्रत्येक शब्द खणखणीत आवाजात परत वाचायची, आणि कानात घालायची बोंडं शेळीने खाल्ली होती. उरली ती शाळेतली लोखंडी पाटी आणि टोचा. जाड कागद पाटीत अडकवायचा, टोच्याने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटला की ठिपके बोटाला लागतात. आवाज फक्त टक् टक्. गल्लीत कुणाला वाचता येत नाही. तिजोरीसुद्धा इतकी सुरक्षित नसेल, असं जायलोसींना वाटायचं.

ते रोज लिहीत, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांच्या, पाठीमागून कोऱ्या, जाड पानांवर. पहिलं उत्तर होतं: "आदरणीय मायी चिसूसे, आपले पत्र पावले. योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंद घेतली आहे." वाचून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. मग लिहिलं नुसतं "हो." ते फार हावरट वाटलं. मग "हो, परंतु," आणि त्या परंतुपुढे दोन पानं: गुडघे, घोरणं, अंगणातली शेळी, जिराफाच्या मानेविषयी बोलत सुटण्याची खोड. मग एक "नाही": "मी फार कंटाळवाणा माणूस आहे, तुला शाळेतलं आठवत नसेल." मग "अजून विचार करतो आहे." मग पुन्हा "हो," पण थोडा कमी हावरट. न आवडलेलं पान ते खाटेखाली टाकत, एफेलेसी झाडताना उचलून नेई. चुलीत जात असणार, असा त्यांचा समज होता.

एका दुपारी दारात आवाज आला, "ओडी! ओडी!" आणि कुणी "या" म्हणायच्या आत सायझी घरात. सायझी अंधांच्या गायनमंडळीचा म्होरक्या. देह बैलगाडीएवढा आणि आवाज त्याहून मोठा. मंडळीत खर्जात गाणारे एकटे जायलोसी, म्हणून त्याची इथे नेहमीच ये-जा असे. तो धपकन बसला. तोंडात मंडाझी होती.

"बाम्बो जायलोसी," तो चावता चावता म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"हे गुडघे कुणाचे?"

"कुठले?"

सायझीने मांडीवरच्या तेलकट कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं, "'माझे गुडघे वाजतात, विशेषतः डावा, आणि तो चर्चमध्ये शांतता असतानाच वाजतो.'"

जायलोसींनी हात पुढे करून कागद चाचपला. "हा कागद तुला कुठे मिळाला?"

"कुठे म्हणजे? मंडाझीभोवती! तुझी बहीण यातच बांधून देते. बाजारात डोळसांना काय, कोरा कागद. मी मंडाझी संपवली, बोटं चाटली, कागदाला पुसायला गेलो तर कागद बोलायलाच लागला! मग मंडळीत सगळ्यांना सांगितलं, मंडाझी घ्या, कागद टाकू नका. अरे, आम्ही तर भूक नसताना खाल्ल्या! आल्टोवाल्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांना 'हो, परंतु'चं दुसरं पान मिळालं, पहिलं ढोलकीवाल्याला. मधल्या चार ओळी तेलाने गेल्या, त्यावरून भांडणं झाली."

"सगळ्यांनी वाचलं?"

"एकदाच नाही. सरावानंतर मोठ्याने."

जायलोसींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. गुरुत्वाकर्षण त्यांना पाठ होतं, पण त्या वेळी ते काही कामाला आलं नाही.

"लाजू नकोस," सायझी मायेने म्हणाला. "तुला ठरवता येत नाही हे आम्हाला कळलं. म्हणून आम्हीच ठरवलं. हात वर करून मत घेतलं."

"आंधळ्यांनी हात वर करून?"

"मी हात लावून मोजले. तू जायचं नाहीस. तू गेलास तर खर्जात गाणार कोण? ढोलकीवाला? तो खर्जात गायला की कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. म्हणून तुझ्याच कागदांतून वेचून वेचून एक सुबक 'नाही' जुळवून मंडाझीच्याच एका कोऱ्या कागदावर टोचलंय. एकही शब्द आमचा नाही, सगळे तुझे. ऐक."

त्याने दुसरा कागद काढला आणि चर्चमध्ये वाचतात तसा वाचला: "'मलिता, तुझ्या पत्राने मी भारावलो. परंतु मी फार कंटाळवाणा माणूस आहे. माझे गुडघे वाजतात. इथे शेळी आहे. तुझ्या ओट्यावरची खुर्ची माझ्यापेक्षा चांगल्या माणसाला मिळो. तुझा, जायलोसी.' काय? शनिवारी मंकी बेला गायनाचा मेळावा आहे, मिनीबसने चाललोय. हातोहात देतो तिला."

वर्षभर जायलोसींना जमलं नव्हतं असं घडीव, गुळगुळीत उत्तर. ऐकून हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. खुर्ची दुसऱ्या माणसाला मिळो म्हणताच तो माणूस त्यांना साक्षात दिसला, म्हणजे ऐकू आला: भरदार आवाजाचा, गुडघे न वाजणारा, खुर्चीत रेलून मलिताशी भांडणारा. त्याचा त्यांना इतका राग आला की कान गरम झाले.

पण तोंडातून निघालं काय? "बघतो."

"बघतो काय, झालं की!" म्हणत सायझी उरलेली मंडाझी तोंडात टाकून निघून गेला.

जायलोसी अंगणात गेले. एफेलेसी पीठ मळत होती.

"तू ते कागद चुलीत नाही घातलेस?"

"एवढा जाड, कोरा कागद चुलीत? वेड लागलंय?"

"कोरा नव्हता!"

"मला कोराच. आणि खळगे असतात त्यात तेल कसं छान जिरतं! गिऱ्हाईकं विचारतात, मायी, हा असला कागद कुठून आणता?" मग तिचा हात थांबला. "का? काय होतं त्यात?"

जायलोसींनी सांगितलं. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं सांगितलं. एफेलेसी ऐकत राहिली. पीठ हाताला तसंच वाळत गेलं.

"वडीलधारे नाहीत मध्ये? कोंबडा नाही?" ती शेवटी म्हणाली. "लोक काय म्हणतील? विशेषतः मायी नासिबेको." मग जरा वेळाने, "आणि तुम्ही गेलात तर कागद कुठून आणायचा मी?" आणि पुन्हा पीठ मळायला लागत, खालच्या आवाजात, "अचिम्वेने, मी लिहून देऊ? मीठ नाही घालणार. शप्पथ."

"नको, एफेलेसी."

"बरं, मग नुसतं पाकिटावरचं नाव तरी?"

"तेही नको. तिने माझ्या हातचं मागितलंय."

तिने कणकेला एक रट्टा घातला आणि एक कोरं करकरीत कॅलेंडर आणून त्यांच्या हातात दिलं. "हे जपून ठेवलं होतं. मोठ्या ऑर्डरीसाठी."

जायलोसी बसले. टक् टक् सुरू झाली आणि या वेळी लवकर थांबली.

"मलिता, येतो. खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. गुडघा वाजतो, सवय कर. शेळी बहिणीकडे राहील. जायलोसी."

वाचून पाहिलं. फार हावरट वाटलं. तसंच ठेवलं.

आता पाकिटावर पत्ता हवा, तोही टपालवाल्यांना दिसेल असा. जायलोसींकडे नोकरीतलं टंकलेखन यंत्र होतं, बोटांना कळा पाठ होत्या. त्यांनी पत्ता ठोकला आणि पाकीट मडमपुढे धरलं.

"मजकूर आढळला नाही," मडम म्हणाली.

पुन्हा ठोकला. "मजकूर आढळला नाही."

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की फीत वाळून गेली आहे, आणि कधीची वाळली आहे ते देवालाच ठाऊक. सायझीला त्यांनी याच यंत्रावर सराव वेळेवर सुरू करण्याबद्दल लांबलचक तक्रार लिहिली होती. त्याने डोळस पुतण्याकडून वाचून घ्यावी अशी विनंतीही केली होती. उत्तर आलं नव्हतं. आता कळलं, पुतण्याला कोरं पान मिळालं होतं. फीत उलटी फिरवून तिची न वापरलेली कड वर आणली आणि तिसऱ्यांदा ठोकलं. मडम म्हणाली, "मलिता चि." पुढे काही नाही.

"चिसूसे!" जायलोसी ओरडले. "पुढे वाच ना!"

पण पुढचं नाव पाकिटाच्या बाहेर, यंत्राच्या रुळावर उमटलं होतं. पाकीट सरकवून, जपून, चौथ्यांदा ठोकलं. मडमने नाव, मंकी बे, सगळं सरळ वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपण काय लिहिलंय ते जायलोसींनी दुसऱ्या कुणाला न विचारता पडताळून पाहिलं होतं. त्यांनी मडमचे चक्क आभार मानले. मडम म्हणाली, "समजले नाही."

शनिवारी सकाळी घडीची पांढरी काठी एका हातात, मडम खिशात आणि पत्र छातीशी धरून ते निघाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "एफेलेसी, मागे येऊ नकोस."

"कोण येतंय?" मागून उत्तर आलं.

"मंडाझीचा वास येतोय."

"मी बाजाराला चाललेय. रस्ता काय तुमचा आहे?"

चौकात मडम म्हणाली, "सरळ चालत राहा." मडमच्या नकाशात तिथे रस्ता होता. पण त्या रस्त्यावर कोबीवाल्या बायका बसायला लागून जमाना लोटला होता, ते तिला कुणी कळवलं नव्हतं.

"आगोगो! अहो आजोबा, कुठे निघालात? माझ्या कोबीवर उभे आहात!"

"ही सरळ जा म्हणते."

"तिला म्हणावं, ये आणि स्वतः चालून दाखव!"

जायलोसींनी मडमला गप्प केलं, काठीने कोबीची कड चाचपली आणि सुक्या उसिपा मासळीचा वास डाव्या नाकपुडीत घेत वळसा घालून ते मिनीबसच्या अड्ड्यावर पोचले. मिनीबस उभीच होती. भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि मंडळी पहाटेपासून बसून तिसऱ्यांदा तेच भजन गात होती.

"बाम्बो जायलोसी आले!" सायझी गरजला. "निरोप द्यायला?"

"सायझी, ते पत्र जरा दे. जायच्या आधी एकदा वाचू दे."

"घे घे! मोठ्याने वाच, सगळ्यांना आवडतं."

जायलोसी दारातल्या बैठकीवर बसले. कागद मांडीवर घेतला. डाव्या हाताचं बोट वाचत पुढे गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ उजव्या अंगठ्याचं नख. ठिपका नखाने दाबून घासला की बसतो. शाळेत मलिताने त्यांचा अख्खा गृहपाठ असाच सपाट केला होता आणि छडी यांनी खाल्ली होती. तेलाने मऊ झालेला कागद तर लोण्यासारखा होता.

"'मलिता, तुझ्या पत्राने मी भारावलो,'" त्यांनी वाचलं, आणि भारावलो सपाट केलं.

"वा!" आल्टोवाल्या म्हणाल्या.

"'परंतु मी फार कंटाळवाणा माणूस आहे.'" घास, घास.

"खरंय!" मागून ढोलकीवाला.

"'माझे गुडघे वाजतात. इथे शेळी आहे.'"

"आमेन!"

"'तुझ्या ओट्यावरची खुर्ची माझ्यापेक्षा चांगल्या माणसाला मिळो.'" हे वाक्य त्यांनी दोनदा घासलं. मग सही. मग कागद सायझीच्या हातात दिला. "धर. बघ बरं."

सायझीने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कागद उलटला, दुसऱ्या बाजूनेही फिरवलं.

"जायलोसी! हे तर भाकरीसारखं सपाट आहे!"

"हो."

"तू... तू वाचता वाचता पुसलंस?"

"माझेच शब्द होते. तूच म्हणालास, एकही तुमचा नाही."

मिनीबसमध्ये क्षणभर शांतता पसरली, आणि नेमक्या त्या शांततेत जायलोसींचा डावा गुडघा वाजला. मग आधी आल्टोवाल्या फिस्कारल्या, मग सगळी गाडी हसायला लागली, अगदी तिकीटवाला पोऱ्यासुद्धा, ज्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. फक्त सायझी हसला नाही.

"म्हणजे जातोयस."

"जातोय."

"आणि खर्ज?"

"मंकी बेलाही गायनमंडळी आहे, सायझी."

"म्हणजे पुढच्या मेळाव्यात तू त्यांच्याकडून गाशील? आमच्याविरुद्ध? ताल नाही रे त्या लोकांना! मासे धरायच्या तालावर गातात!" सायझीने चाचपत जायलोसींचा खांदा शोधला आणि इतका जोरात दाबला की ते कळवळले. "तिला काय सांगू मी?"

"सांग, पत्र टपालाने येतंय. बाकी तोंडाने काही नाही."

"तोंडाने काही नाही? मी?"

"हवं तर गा. बोलू नकोस."

टपाल कचेरी अड्ड्याच्या पलीकडेच. आत रांग नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट हातात घेतलं. "आगोगो, जाड आहे. आत काय?"

"ठिपके. अंधांचं पत्र आहे, याला तिकीट लागत नाही."

"माहीत आहे मला." आणि तिने शिक्का उगारला. तो मारताना सगळी खिडकी हादरायची, हे जायलोसींना जुन्या अनुभवाने ठाऊक होतं.

"हळू! ठिपके बसतील!" त्यांनी झटकन पाकिटावर हात पसरला, आणि शिक्का सणसणीत त्यांच्या मनगटावर बसला.

"अगं बाई! आगोगो, लागलं? आता तुम्हालाच पोत्यात टाकायचं का?"

मागून एफेलेसी म्हणाली, "टाका, टाका. तेवढंच घरातलं त्यांचं बोलणं कमी होईल." आणि तिला आपण बाजाराला चाललो होतो ते आठवलं.

जायलोसींनी चाचपून पाकिटाचा एक कोपरा पुढे सरकवला, जिथे आत कागद नव्हता. "इथे मार, मुली. एकदाच." तिने तिथे मारला, जमेल तितका हळू. मग पाकीट मागच्या पोत्यात पडल्याचा आवाज आला.

जायलोसी खिडकीशी तसेच उभे राहिले. "मुली," ते म्हणाले, "समजा एखाद्याला वाटलं की एक वाक्य जरा वेगळं लिहायला हवं होतं, तर ते परत मिळतं का?"

"पोत्यात पडलं की नाही मिळत, आगोगो."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"बरं झालं," जायलोसी म्हणाले, आणि काठी उघडून ते बाहेर पडले.